इंदूची लिली

भरलेला पितळी तांब्या काशीनाथने धाकट्या भावाच्या डोक्यात घातला. प्रल्हाद कुंड्यांवर आडवा झाला. मातीने बरबटलेल्या त्याच्या हातात इंदूच्या लिलीचा कंद होता.

"चोर कुठला. मेलेल्या वहिनीचे गमले पण सोडले नाहीस तू."

वाटणी झाल्यापासून दोघे भाऊ बोलत नव्हते. सामाईक असं अंगण तेवढं उरलं होतं. चारी बाजूंना उंच घरं, ऊन म्हणून तिथे फिरकायचं नाही. काशीनाथच्या बायकोने, इंदूने, त्या सावलीतच फुटबॉल लिली लावली होती. वैशाखात तिचे लाल चेंडू फुलले की गल्लीतल्या बायका बघायला यायच्या. गेल्या श्रावणात इंदू गेली, आणि काशीनाथपाशी या कुंड्याच काय त्या राहिल्या. थंडीत पानं वाळली. बिचारी तहानली, असं समजून तो रोज गंगेच्या पंचगंगा घाटावर स्नान करून येताना तांब्याभर गंगाजल आणायचा आणि कुंड्यांना घालायचा.

त्याने शेजारची कुंडी उचलून फरशीवर आपटली. नुसती माती. दुसरी फोडली, तिच्यातही माती. मग त्याचं डोकंच फिरलं. प्रल्हादच्या छातीवर बसून त्याने त्याचं तोंड फोडलं. पाहणाऱ्याला लाज वाटावी असा मार होता तो. अंगाने दांडगा असूनही प्रल्हादने हात उचलला नाही. हातातला कंद तेवढा पोटाशी धरून ठेवला.

"कुठे विकलेस बाकीचे?" काशीनाथने धापा टाकत विचारलं.

प्रल्हादने तोंडातलं रक्त थुंकलं आणि जिन्याखालच्या टोपलीकडे बोट दाखवलं. काशीनाथने वरचं गोणपाट ओढलं. राखेत सगळे कंद नीट लावून ठेवले होते. कोरडे, टणक.

"थंडीत हे झोपतात, दादा. तेव्हा पाणी मिळालं की सडतात. हा एकच काढायचा राहिला होता."

काशीनाथची मूठ सुटली. "मग मला सांगायचं होतंस. मी वेड्यासारखा रिकाम्या गमल्यांना पाणी घालत बसलो."

"वहिनीनेच मना केलं होतं. हॉस्पिटलात. बोलली, भाऊजी, कंद तेवढे गुपचूप काढून ठेवा, पण हे पाणी घालायला लागले तर अडवू नका. नाहीतर हे सकाळी उठतील कशासाठी?"