अकरा मिनिटं मागे

"संगणक पुन्हा आत घेत नाही हो," रुमेना फोनवर म्हणाली. "घड्याळ जुळत नाही म्हणतोय."

"अकरा मिनिटं मागे?" पलीकडून संगणक सांभाळणाऱ्या लुबेनने विचारलं.

"बरोब्बर अकरा."

"आलोच."

डॅन्यूबकाठच्या त्या नगरपालिकेत सगळ्या संगणकांनी तळघरातल्या सर्व्हरची वेळ पाळायची, असा शिरस्ता होता. पाच मिनिटांचा फरक चालायचा. त्यापुढे सर्व्हर ओळख दाखवत नसे. गेले तीन आठवडे जन्मनोंदणीतला रुमेनाचा हा एकच संगणक रोज सकाळी अडून बसत होता. नऊला लोकांसाठी दार उघडायच्या आत लुबेन तीन जिने चढून यायचा, घड्याळ जुळवायचा, रुमेनाने घरून भाजून आणलेली बानित्सा, म्हणजे चीज भरलेली खुसखुशीत पोळी, खायचा आणि खाली जायचा.

"बॅटरी नवी घातली, तरी तेच," तो म्हणाला. "आणि मरतुकडी बॅटरी कधी चार मिनिटं चुकते, कधी चाळीस. हा पठ्ठ्या रोज अकराच!"

"चीज कमी पडलंय का आज?" रुमेनाने घाईघाईने विचारलं.

"छे हो बाई! या चीजला नावं ठेवणाऱ्याला नरकातसुद्धा जागा मिळणार नाही." एवढं बोलून पंचावन्न वर्षांचा तो गडी कानापर्यंत लाल झाला.

तेवढ्यात दारात कोस्तोव्हाबाई उगवल्या. त्या कचेरीच्या प्रमुख. "लुबेन, तू संगणक दुरुस्त करायला येतोस की न्याहारीला? आज कायमचा बंदोबस्त कर."

लुबेन मान खाली घालून कामाला लागला. "आता घड्याळ फक्त सर्व्हरचं ऐकेल," शेवटी तो म्हणाला. "संगणक सुरू होताना आत शिरून कुणी वेळ बदलू म्हणेल, तर परवलीचा शब्द लागेल. तो माझ्या एकट्याकडे आहे."

"छान झालं," रुमेना म्हणाली आणि तिने डब्याचं झाकण लावलं.

दोष बॅटरीचा नव्हताच. रोज सकाळी संगणक सुरू होता होता रुमेनाच आत शिरून घड्याळ अकरा मिनिटं मागे सारायची. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. तिच्या हातचं समोर बसून खाणारं कुणी उरलं नव्हतं. लुबेन समोर बसून खायचा ती पंधरा मिनिटं तिला हवी होती, आणि तसं तोंडाने सांगायचा धीर तिला होत नव्हता.

शनिवार-रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी तिने बानित्सा केलीच नाही. कुणासाठी करायची? आठला येऊन तिने संगणक सुरू केला आणि नाव टाकलं.

संगणकाने नकार दिला.

तिने घड्याळाकडे पाहिलं. अकरा मिनिटं मागे. तिने तर कशाला हातही लावला नव्हता!

जिन्यावर पावलं वाजली. लुबेन धापा टाकत दारात उभा राहिला. हातात कागदात गुंडाळलेली गरम बानित्सा होती, एका बाजूने चांगलीच करपलेली.

"पहिल्यांदाच केलीय," तो म्हणाला. "तुमचा संगणक अडला असेल ना?"

रुमेनाने अजून फोन उचललाही नव्हता.