प्रत्येकी एक दगड

रिक्षा डोंगराच्या पायथ्याशी थांबली. जयवंतने जानकीकाकींना आधार देऊन उतरवलं, "या काकी, ही भाऊंची वाट," असं म्हणत मोठ्या ऐटीत डोंगराकडे हात केला, आणि हात तसाच राहिला.

वाट वर होती. खाली नव्हती. भाऊंनी भांडुपच्या पोरांना हाताशी धरून रचलेल्या पायऱ्या पुरुषभर उंचीवरून सुरू होत होत्या, आणि त्यांच्याखाली नुसता लाल मातीचा घसरडा उतार होता. काल संध्याकाळी जयवंत स्वतः इथे झाडू मारून गेला, तेव्हा सगळ्या पायऱ्या जागच्या जागी होत्या.

"हीच काय रे ती?" काकींनी चष्मा सारखा करत विचारलं. "ह्याच्यासाठी घरात पाय टिकत नव्हता त्यांचा?"

भाऊंना जाऊन आज वर्ष झालं होतं. रविवारी भाऊ डोंगरावर आणि काकी घरी, असाच त्यांचा संसार झालेला, त्यामुळे काकींनी वाट कधी पाहिली नव्हती. मंगळवारच्या एसटीने त्या कायमच्या कणकवलीला निघणार होत्या. जाण्याआधी एकदा तरी दाखवतो, असा शब्द जयवंतने दिला होता.

इतक्यात वरून शिवदास ओरडला, "जयवंत, काकींना आण लवकर! स्मारक झकास झालंय! छातीएवढं!"

"कसलं स्मारक?"

"दगडांचं!"

जयवंतने डोळे मिटले. भाऊंचा एकच नियम होता: चढणाऱ्याने पायथ्याच्या नाल्यातून एक दगड उचलायचा आणि जिथे पायरी खचली असेल तिथे नेऊन टाकायचा. रिकाम्या हाताने वर आलेल्याला भाऊ चहा देत नसत. हा नियम अर्ध्या भांडुपला आरतीपेक्षा चांगला पाठ होता. फक्त या वर्षी नाला स्लॅब घालून बंद केला होता. तेव्हा आज पहाटेपासून जो तो डोळे भरून आला, हाताशी लागेल तो दगड छातीशी धरला आणि भाऊंचं नाव घेत वर गेला. भक्ती एवढी दाटलेली, की खाली कोणी बघितलंच नाही.

शिवदास शेवटचा टप्पा बसूनच घसरत आला. आता तो बँकेत अधिकारी होता. पँटीवरून ते दिसत नव्हतं.

"मी एकच घेतला, यार. भाऊंची शपथ."

"सगळ्यांनी एकच घेतला ना," जयवंत म्हणाला.

"नगरसेवकांनी पण घेतला. म्हणजे, फोटोपुरता."

काकींनी आधी कपाळाला हात लावला, मग तोंडाला पदर. खांदे हलायला लागले तेव्हा कळलं, की त्या हसतायत. "मेल्यांनो! माणूस जन्मभर रचत बसला आणि तुम्ही एका सकाळीत उचलून देव्हाऱ्यात ठेवलात!"

"काकी, घरी सोडू का तुम्हाला?" जयवंतने मान खाली घालून विचारलं.

"घरी काय आहे? सामान बांधून झालंय. एक टेबल तेवढं राहिलंय, त्याचा एक पाय आखूड. रोज सकाळी बशीतला चहा सांडतो. सांगितलं, की म्हणायचे, रविवारी बघतो." काकी नाल्याच्या कठड्यावर ऐसपैस बसल्या. "बसवा पायऱ्या. मी आहे."

जयवंतने दोन बोटं तोंडात घातली आणि भाऊंची शिट्टी मारली, लांब आणि शेवटी चढी. वर नगरसेवकांचं भाषण 'आभार मानावे तेवढे' इथपर्यंत आलं होतं. उरलेलं राहून गेलं. श्रोते उठून उभे राहिले, वरपासून खालपर्यंत रांग लावली आणि स्मारक हातोहात खाली यायला लागलं. दाढ्या पिकायला लागलेली, पोटं सुटलेली भाऊंची पोरं पँटी दुमडून चिखलात उतरली. सिमेंट भाऊंना चालायचं नाही. म्हणायचे, सिमेंट लावलं, की माणूस पुन्हा बघायला येत नाही. नुसता दगडावर दगड, आणि डुगडुगला तर खाली दगडाची कपची.

खालची पायरी बसली तसा जयवंतने थर्मास उघडला, बशी काठोकाठ भरली आणि पायरीवर ठेवली. शिवदासने बशीशेजारी दोन्ही पायांनी उडी मारली. चहा सांडला. दगड काढला, माती चोपली, कपची बदलली, बशी पुन्हा भरली. शिवदासने पुन्हा उडी मारली.

"हे काय चाललंय?" काकींनी विचारलं.

"परीक्षा, काकी. चहा सांडला, की पायरी नापास. भाऊंनी शिकवलंय."

"बशी ठेवून?"

"हो. थेंब सांडला तरी पुन्हा बसवायला लावायचे."

काकी उठून जवळ आल्या. चहा काठाला टेकला होता आणि हलत नव्हता. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग बशी उचलून त्यांनी चहा पिऊन टाकला, वाकून उरलेल्या कपच्यांमधली एक चपटी निवडली, पदराने पुसली आणि पिशवीत टाकली.

"काकी," शिवदास चाचरत म्हणाला, "डोंगरावरचा दगड घरी न्यायचा नाही, असा नियम आहे भाऊंचा."

"नियम तुम्हाला. मी सगळे रविवार दिलेत," काकी म्हणाल्या. "एक कपची नेते."

आणि जयवंतने पुढे केलेला हात बाजूला सारून त्यांनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला.