कोंदणातलं नाणं

राजारामकाकांच्या डबीत रोमन सम्राटांची सोन्याची पाच नाणी होती: चार सुटी आणि एक त्यांच्या आईच्या लॉकेटमध्ये, कोंदणात बसवलेलं. काकांना ती आईच्या नावाने डॅलसच्या म्युझियमला द्यायची होती. रसायनशास्त्रात पीएच.डी. करणाऱ्या ऋजुताने पाचही पाण्यात तोलून घनता काढली. शुद्ध सोन्याची एकोणीसच्या वर येते. चार सुट्या नाण्यांची तशी आली, लॉकेटची आली पंधरा.

"कोंदणातून काढून बघू का, काका?"

"नको गं, तुटेल."

"मग सॉरी, हे नकली आहे."

"आईने जन्मभर गळ्यात मिरवलं की गं," काका एवढंच म्हणाले.

महिन्याभराने त्यांनी ऋजुताच्या तळहातावर एक वेढणं ठेवलं. "त्याच नाण्याचं, आटवून केलं. तू वेळेवर चेक केलंस, नाहीतर म्युझियममध्ये माझं हसं झालं असतं. अगं, सोनार म्हणाला, नाण्यामागे नुसती लाख भरली होती."

कोंदणातली हलकी लाख ऋजुताने हिशेबात धरलीच नव्हती. ती वेढणं बोटात न घालता तडक लॅबमध्ये गेली.



घनता आली एकोणीस पूर्णांक दोन.