उजवा कौल

"उजवा पडला गो," एवढंच सांगून गुणवंतीने देवळाची पिशवी खुंटीला अडकवली आणि ती स्वयंपाकघरात गेली. सलग अकराव्या सोमवारी तिने सुनेला, संध्याला, हेच सांगितलं होतं.

गुरवाने देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न घालायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

प्रश्न कुठला, हे संध्याने कधी विचारलं नाही. एकुलता एक मुलगा चार वर्षांपूर्वी परदेशातल्या बंदरात बोटीवरून उतरला, तो परत चढलाच नाही. त्याची आई देवीला दुसरं काय विचारणार? संध्यालाही निलेश अजून रोज हवा होता. मासे साफ करताना हवा होता, वह्या तपासतानाही हवा होता.

माहेरी, अलोऱ्याच्या शाळेने तिला नोकरी देऊ केली होती. पत्र सासूनेच आणून हातात दिलं होतं. त्याला अडीच महिने झाले. दर सोमवारी कौल उजवा पडायचा आणि संध्याचं जाणं बारगळायचं. आता शाळेने निर्वाणीचं कळवलं होतं, आज संध्याकाळपर्यंत काय ते सांगा.

नेमकी त्याच दुपारी तिला दहावीला संभाव्यता शिकवायची होती. नाणं उडवलं तर छापा पडण्याची शक्यता दोनात एक. सलग दोनदा पडण्याची चारात एक, तीनदा आठात एक. पोरांना गंमत वाटली म्हणून दुप्पट करत करत ती अकरावर पोचली. दोन हजार अठ्ठेचाळीसात एक. ती फळ्याकडे बघतच राहिली. एक तर देवी खरंच बोलत होती, नाहीतर काशीराम गुरव लबाडी करत होता.

शाळा सुटल्यावर ती तडक देवळात गेली. काशीराम वाती वळत बसला होता. डावी पाकळी मुद्दाम घट्ट लावता का, असं तिने तोंडावरच विचारलं. म्हातारा रागावला नाही. दोन्ही सारख्याच लावतो, म्हणाला. डावीही पडते, पण तुझी सासू ऐकून घेत नाही, परत लाव म्हणते. आज चार वेळा लावायला लावला.

म्हणजे उजवी पडेपर्यंत. मग ती कधी ना कधी पडणारच, त्यात देवीचा काय संबंध? संध्याला हसू आलं आणि पाठोपाठ रडूही आलं. इतके दिवस ती उगाच आशेवर बसली होती. तिने फोन काढून अलोऱ्याच्या शाळेचा नंबर शोधला.

"काका, त्यांना तुम्हीच समजवा," ती म्हणाली. "निलेश येणार नाही, हे आता त्यांनी मानायला हवं."

काशीरामने वात खाली ठेवली.

"निलेशचा कौल तिने कधीच सोडलान, बाय. दर सोमवारी एकच विचारते, माझी सून ह्या आठवड्यात मला सोडून जाणार नाय ना?"