ओली सीट

विमान मैदानावर नीट उतरलं, पण वैमानिक काही खाली उतरेना. मिस्त्री शिडी लावून वर चढला. स्वतःहून लढाईला आलेल्या त्या पोरानं विमान जमिनीला टेकवूनच प्राण सोडला होता. मूठ सुकाणूच्या दांड्यावर तशीच घट्ट होती. मिस्त्रीनं एकेक बोट सोडवलं, त्याला खाली उतरवलं. तेवढ्यात कप्तान आला. “इंजिन?” “ठणठणीत आहे, साहेब.” “मग लगेच तयार ठेव. नवा आलाय.” मिस्त्रीनं बादलीभर पाण्यानं सीट घासून धुतली, कापडी पंखांवरच्या गोळ्यांच्या भोकांना ठिगळं लावली. नवा वैमानिक हसतच आला. नुकतीच मिसरूड फुटलेला, तोही हौसेनं भरती झालेला. “काका, सीट ओली कशी?” “धुतली रे, बाळा.” “माझ्यासाठी? काय थाट आहे!” मिस्त्रीला त्याच्याकडे बघवेना. हे इंजिन आत्ता बिघडू दे, असं मनाशी घोकत त्यानं इंजिन सुरू करायला नाकावरचा पंखा हातानं फिरवला. ते पहिल्याच झटक्यात सुरू झालं.