राखलेल्या ओंब्या

कानिफनाथ होळीपाशी पोचला तेव्हा त्याच्या आईच्या, रतनबाईच्या हातातली गव्हाची जुडी भाजून काळी झाली होती. देठांना तांबडा दोरा लोंबत होता.

"आई, या ओंब्या कुठल्या?"

"आपल्याच रानातल्या. आनिक कुठल्या असत्यात?"



त्या रानात यंदा ओंब्या म्हणाव्यात अशा उरल्याच नव्हत्या. सगळा गहू तांबेऱ्याच्या रोगानं खाल्ला होता. वाफ्यातून चालून आलं की कपडे हळद सांडल्यासारखे व्हायचे. शेजारीपाजारी फवारण्या करत होते आणि हा हाताची घडी घालून बांधावर उभा. रोग येऊ द्यायचा, मरेल ते मरू द्यायचं, तगेल त्याचंच बी धरायचं, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं. गाव त्याला येडा म्हणे, आणि गावाचं तरी काय चुकलं? रोगाला पाहुण्यासारखी वाट करून देणारा शेतकरी कुणी पाहिलाय! यंदा अख्ख्या रानात तीन झाडं हिरवी राहिली. मागचं सगळं बी त्यानं पेरून टाकलेलं. आता जे काही होतं ते त्या तीन झाडांत. त्यानं त्यांना तांबडा दोरा बांधला, आणि नजर लागेल म्हणून घरातसुद्धा चकार शब्द काढला नाही.

"दोरा दिसला न्हाई का तुला?" त्याचा आवाज चिरकला.

"दिसला म्हनून तर खुडल्या. म्हनलं, लेकानं होळीसाठी राखून ठिवल्यात. देवाला काय तांबेऱ्याचं द्यायचं व्हय?"

"समद्या खुडल्या?"

"देवाच्या नावचं मागं ठिवू न्हाई, नाथा."

त्यानं जुडी हिसकावून घेतली. बोटं पोळली. एकेक ओंबी तळहातावर चोळून तो मोबाईलच्या उजेडात दाणे बघू लागला. एखादा तरी न भाजलेला, पेरता येईल असा निघावा. एकही निघाला नाही. त्याला रडू आलं. भोवती धूर होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

रतनबाईनं त्याच्या तळहातावरचे चार दाणे उचलून होळीत टाकले आणि हात जोडले.

"होळीमाय, पुढल्या साली समदं रान असंच येऊ दे."