नुकसानीचं कलम

टाइपरायटरच्या काळातली गोष्ट. एका कंपनीत मी गुपचूप अर्ज केला, तर त्यांनी मला न विचारता थेट आमच्या वकीलसाहेबांनाच फोन लावला, “तुमची टायपिस्ट कशी आहे?” साहेबांनी मला आत बोलावलं. “मशीनवर बस. त्या कंपनीला नोटीस काढायचीय.” “अशील कोण, साहेब?” “तूच. मी चिडून तुला काढून टाकलं असतं, तर? त्यांच्या बापाचं काय गेलं असतं?” येरझारा घालत ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. नुकसानीच्या कलमापाशी मात्र ते अडखळले. “लिही. अशिलाने खुशाल जावं, तिचं काही नुकसान नाही. नुकसान तिच्या मालकाचं, न भरून येणारं.” नोटीस त्यांनी धाडलीच नाही. कार्बन कॉपी अजून माझ्या कपाटात आहे. अकरा वर्षांतली माझी एकमेव खाडाखोड तिच्या शेवटच्या ओळीत आहे.